तटावरची धुराडी

१

गुडघा गेला, दूध गोळा करायच्या गाडीचं काम सुटलं, आणि पहारेकरी मंडळाच्या दालनाची किल्ली माझ्या गळ्यात पडली. काम तसं काही नाही. सकाळी उठून दालन उघडायचं, झडपा ढकलायच्या, कोळशाची शेगडी पेटवायची आणि ओल आत शिरू द्यायची नाही. पहारेकरी म्हणजे आमच्या ओल्डनवेर गावचे. एके काळी ही माणसं बंदुका घेऊन तटावर उभी असायची. आता वर्षातून एकदा नगारा बडवतात आणि बिअर पितात.

दालनाच्या मोठ्या भिंतीवर वेढ्याचं चित्र आहे. फळ्यांवर रंगवलेलं, दोन गाई शेजारी उभ्या राहतील एवढं रुंद. शेजारच्या मुलखावर राज्य करणाऱ्या बिशपच्या फौजेनं गावाला वेढा घातला, गावानं उंदीर खाल्ले, खोगिरांचं चामडं उकळून प्यायलं, पण वेस काही उघडली नाही. शेवटी फौज गेली. त्याची आठवण म्हणून त्या वेळच्या म्हाताऱ्यांनी हे चित्र काढून घेतलं.

काढणाऱ्यानं एक गोष्ट मात्र विचित्र केली. चित्रात सगळ्यात पुढे आहेत बिशपच्या सैनिकांचे तंबू, त्यांच्या शेकोट्या आणि सळईवर फिरणारं डुक्कर. त्यामागे पाण्याखाली गेलेली शेतं. आणि पार मागे, तळहाताएवढं, आमचं गाव. तट, मिटलेली वेस, चर्चचा मनोरा, घरांची धुराडी आणि प्रत्येक धुराड्यातून केसाएवढी धुराची रेघ. म्हणजे बघणारा उभा राहतो तो वेढा घालणाऱ्यांच्या रांगेत. लहानपणी मला याचा भारी राग यायचा. गाव आमचं, चित्र आमचं, आणि उभं राहायचं कुठं, तर शत्रूच्या तंबूत, त्याच्या डुकराच्या वासात.

दर वर्षी वेढा उठल्याच्या, म्हणजे सुटकेच्या, दिवशी या चित्राला पाव लावायची आमची रीत. वोल्टर बेकर ताजा पांढरा पाव देतो. मंडळातल्या सगळ्यात म्हाताऱ्यानं त्याचा गाभा काढायचा, मळून गोळा करायचा आणि चित्रावरून हलक्या हातानं फिरवायचा. वर्षाची काजळी पावाला लागते. काळे गोळे खंदकात बदकांना टाकायचे. शेकडो वर्षं असंच चाललंय. का, ते कुणी विचारत नाही. धूळ निघते, बदकं खूश होतात, मग बिअर.

त्या उन्हाळ्यात शहरातल्या संग्रहालयातून सीत्स्के नावाची एक तरुण बाई आली. उत्तरेकडच्या फ्रिसलंडची, उंच, हडकुळी, कापसाच्या बोळ्यांनी भरलेली पेटी घेऊन. तिनं बरेच दिवस खपून चित्र साफ केलं. मग मंडळाचा प्रमुख हार्मेन आणि मला बोलावून तिनं चौकट उलटी करून दाखवली. फटीत पावाचा जुना भुगा होता आणि त्यात किडे वळवळत होते.

"हे किडे आधी पाव खातात, मग लाकूड," ती म्हणाली. "आजपासून पाव बंद, आजोबा."

"मी कुणाचा आजोबा नाही," मी म्हणालो.

हार्मेन खिळे आणि दोऱ्या विकतो, पण शिकलेल्या माणसापुढे त्याची मान आपोआप हलायला लागते. "बाई बरोबर बोलतायत, लुबर्ट. किडे मीही पाहिले."

किडे खरेच होते. त्या वर्षी सुटकेच्या दिवशी नगारा वाजला, बिअर झाली. पाव लावला नाही.

घरीही त्या वर्षी पाव उरतच होता. आमची एकुलती एक मुलगी गेर्डीन वसंतात वारली. तेव्हापासून माझ्या बायकोचं, रुल्फीनचं, जेवण सुटलं. हट्ट म्हणून नव्हे. ताटाशी बसायची, चमचा उचलायची, आणि तो परत ठेवायची, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

२

सुटकेच्या दिवसानंतर आठवडाभरानं असेल, मी झडपा उघडल्या आणि नेहमीसारखी चित्रावर एक नजर टाकली. नजर पुढे गेली आणि परत आली. काहीतरी कमी होतं.

चर्चच्या डाव्या हाताला बेकरांची गल्ली आहे, चित्रातही आणि गावातही. तिथल्या घरांच्या धुराड्यांवर धूर नव्हता. रेघा पुसल्यासारख्या नव्हत्या, नुसत्या नव्हत्याच. मागचं आभाळ तसंच, करडं, अखंड.

मी चष्मा पुसला. मग मनात म्हणालो, त्या फ्रिसलंडच्या बाईनं कापसानं धूर पुसला. धूळ समजून धूर पुसला! हार्मेनच्या दुकानात टेलिफोन होता. तिथून तिला लावला.

"बाई, आमची बेकरांची गल्ली थंड केलीत तुम्ही."

"काय केलं मी?"

"धूर पुसलात. चुली विझवल्यात."

"मी रंगाला हात लावत नाही, आजोबा. फक्त मळ काढते. आणि बोळे सगळे तपासलेत मी, रंग एकाही बोळ्याला नाही."

"मग धूर काय पायांनी चालत गेला?"

हार्मेननं माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि तिची माफी मागितली. मला म्हणाला, "अरे, तुझं वय काय, चष्मा किती जुना! लोकांची अब्रू काढतोस."

घरी आलो. रुल्फीन खिडकीशी बसली होती, हात मांडीवर. शाल दोनदा गुंडाळली होती तरी खांद्यांची हाडं दिसत होती. सकाळचा पाव बशीत तसाच, लोणी कडेनं पिवळं पडलेलं.

"खाल्लं नाहीस."

"खाईन."

"कधी?"

"लुबर्ट, ओरडू नकोस. घशाखाली उतरत नाही, त्याला मी काय करू? तू खा ना. वाया जायला नको."

मी तो पाव खाल्ला. डॉक्टर दोनदा येऊन गेला होता. पोट ठीक आहे, म्हणाला. छाती ठीक आहे. आणि दारात आपली टोपी चढवत हळूच बोलला, "हिवाळ्याच्या आत तिनं खायला लागलं पाहिजे, लुबर्ट. या वयाचं शरीर फार दिवस वाट बघत नाही."

३

सीत्स्के स्वतःच आली, पुढच्या आठवड्यात, सकाळच्या बसनं. साफ करण्याआधी आणि नंतर काढलेले फोटो आणि एक मोठं भिंग घेऊन. मला धडा शिकवायलाच आली होती, ते तिच्या चालीवरून कळत होतं.

शिडीवर चढली, भिंग लावलं. फोटो बघितला, चित्र बघितलं, परत फोटो.

"काय झालं?" मी विचारलं. "चष्मा देऊ का माझा?"

"साफ केल्यानंतरच्या फोटोत धूर आहे," ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता. "सगळीकडे आहे. इथे..." तिनं बोट नाचवलं, पण चित्राला लावलं नाही. "आजोबा, तुम्ही फक्त बेकरांची गल्ली म्हणाला होतात."

"तेव्हा तेवढीच होती."

आता अर्धं गाव विझलं होतं. चर्चच्या मागचा सगळा भाग, बाजारचौक, धान्याच्या कोठाराची बाजू. मी रोज बघत होतो, आणि रोज स्वतःला सांगत होतो की काल नीट बघितलं नव्हतं. माणूस स्वतःला काय वाटेल ते पटवतो.

सीत्स्के खाली उतरली. "रंग उडाला तर खालचा थर दिसायला हवा. इथे थर शाबूत आहे. जणू धूर कधी काढलाच नव्हता." मग एकदम, "हा आवाज कसला?"

तो आवाज मी सुटकेच्या दिवसानंतर चार-पाच वेळा ऐकला होता. खरवडल्याचा. भांड्याच्या तळाशी काही राहिलंय का म्हणून चमचा फिरवतात ना, तसा. थांबून थांबून.

"उंदीर," मी म्हणालो.

"भिंतीच्या पलीकडे काय आहे?"

"खंदक. पाणी."

ती मग परत शिडीवर गेली, माझ्या मते निव्वळ हट्टानं, आणि राहिलेली धुराडी बघू लागली. भल्या मुलीची ती खूण. घाबरली होती तरी काम अर्धं टाकलं नाही.

"पवनचक्कीच्या वेशीजवळ एक घर आहे, दर्शनी भिंतीचा माथा पायऱ्यापायऱ्यांचा असलेलं. त्याचा धूर सगळ्यात स्पष्ट आहे. हे घर अजून उभं आहे का?"

"आहे."

"कोण राहतं तिथे?"

"मी," मी म्हणालो. "मी आणि माझी बायको."

४

त्यानंतर दालनात जायला पाय निघेना, आणि गेल्याशिवाय राहवेना. गावात सगळं नेहमीसारखं. बेकरांच्या गल्लीत भट्ट्या पेटलेल्या, बाजारचौकात हेरिंग मासळीची गाडी, प्रत्येक छपरावर खराखुरा धूर. दालनात शिरलं की एकेक घर थंड.

घरी रुल्फीन आता जिना चढू शकत नव्हती. खाली बैठकीतच बिछाना घातला. मी मटणाचा रस्सा पाजायचा प्रयत्न केला, तो तिनं दोन चमचे घेतला आणि ओकला. ताक दिलं. सफरचंद उकडून दिलं. एकदा माझं डोकं फिरलं आणि वाडगा आपटून म्हणालो, "मरायचंय का तुला?"

"नाही," ती शांतपणे म्हणाली. "मरायचं नाही. पण एकटीनं खायला बसलं की वाटतं, पोरीच्या वाटचं खातेय."

"एकटी कुठं? मी आहे ना."

"तू जेवत नाहीस, लुबर्ट. तू माझ्याकडे बघत बसतोस."

मी उठून दालनात गेलो.

दुपार होती, पण धुकं इतकं की खंदकाचा पलीकडचा काठ दिसत नव्हता. झडपा उघड्या असूनही आत संध्याकाळसारखं. मी शेगडीत कोळसा टाकला आणि चित्रासमोर उभा राहिलो.

एकच धूर उरला होता. पायऱ्यापायऱ्यांच्या माथ्याचं घर, आमचं. पूर्वी रेघ होती, आता नुसती शंका होती.

पुढे बिशपच्या शेकोट्या मात्र भडकलेल्या. डुकराची चरबी निखाऱ्यावर पडते तिथं चित्रकारानं पांढरा ठिपका दिलाय, तो चकाकत होता. मी तिथंच उभा, तंबूंच्या रांगेत, पोट भरलेला. सकाळी रुल्फीनच्या वाटचा पावही मीच खाल्लेला.

आणि मग तटावरची माणसं. ती कधी माणसं नव्हतीच. काळ्या रंगाचे फटकारे, टोपीसाठी एक, अंगासाठी एक. तोंडं काढायला जागाच नव्हती. आता प्रत्येक फटकाऱ्यावर एक फिकट ठिपका होता. साबुदाण्याच्या दाण्याहून लहान. सगळे ठिपके इकडे वळलेले.

मळ निघाला की असं दिसतं, मी स्वतःला म्हणालो. आधी काजळीखाली असतील. सीत्स्केनं साफ केलं म्हणून दिसले.

आत, फळ्यांच्या कुठंतरी आत, चमचा भांड्याच्या तळावरून फिरला.

५

मी वोल्टरकडे गेलो. "पांढरा पाव दे. ताजा."

"आज? सुटकेचा दिवस कधीच होऊन गेला, म्हाताऱ्या."

"मला खायला नको का?"

"तू तर काळा पाव खातोस. पांढरा म्हणजे कापूस, असं म्हणतोस ना?"

"वोल्टर, पाव विकतोस की प्रवचन?"

पाव गरम होता. कोटाखाली धरून दालनात आणला, टोपी खुंटीला लावली, पावाचा गाभा काढला, गोळा केला. किड्यांचं काय व्हायचं ते होवो. शिडीच्या दोन पायऱ्या चढलो आणि गोळा गावावर टेकवला, तटाच्या जरा वर.

नेहमी पाव चित्रावरून घसरतो, साबणासारखा. आज घसरला नाही.

दुधाच्या गाडीवर जन्म गेला माझा. शेताशेतातून किटल्या गोळा करायचो, तेव्हा गोठ्यात नवं वासरू असलं की त्याला बोट चोखायला द्यायचो. दात नसतात त्याला. नुसती ओढ असते, ओली, आंधळी, आणि एवढ्या जिवात एवढी ताकद कुठून येते असं वाटतं. माझ्या तळहाताखाली ती ओढ होती. एक नव्हे. पुष्कळ, अगदी बारीक, सगळ्या बाजूंनी.

मी हात काढला. तळहात कोरडा, गार. पाव नव्हता.

खाली पडला असेल म्हणून जमीन बघितली, शिडी सरकवून बघितली. एक कण नाही. दुसरा गोळा केला. तोही गेला. तिसरा, चौथा, मग पावाचं कवच मोडून तेही धरलं. सगळा पाव संपला आणि माझी बोटं उरली, आणि ओढ काही थांबली नव्हती. मी हात मागे घेतला तेव्हा बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या होत्या.

धूर परतला नाही. एकाही घराचा नाही. उलट खरवडण्याचा आवाज आता सगळ्या भिंतीतून यायला लागला, एक चमचा नव्हे, गावभर चमचे.

मी शिडीवरून उतरलो नाही, पडलोच. टोपी तिथंच राहिली. दाराबाहेर येऊन श्वास घेतला. मग वाटलं, शेगडी तशीच सोडली, दालन जळेल. म्हणून चित्राशेजारच्या खिडकीतून आत डोकावलो. बघायला नको होतं, असं नाही म्हणत मी. जे बघितलं ते सांगतो.

चित्रातली वेस माझ्या उभ्या जन्मात बंद होती. ती फटीएवढी उघडी होती. आत अंधार. आणि अंधारातून एक हात बाहेर आलेला, नखाच्या टोकावर मावेल एवढा, हातात वाडगा. वाडगा माझ्याकडे धरलेला.

६

मी रुल्फीनला कधी काही सांगत नाही. तिला त्रास नको म्हणून. त्या दुपारी मात्र दारातून आत आलो आणि सगळं ओकलो, टोपीसुद्धा नाही डोक्यावर. पुसलेला धूर, खरवडणं, वासराची ओढ, वाडगा. आपल्या घराच्या धुराचं तेवढं सांगितलं नाही.

तिनं डोळे मिटून ऐकलं. मला वाटलं झोपली.

"पाव दिलास?" तिनं विचारलं.

"दिला. सगळा."

"नुसता?"

"म्हणजे?"

"लोण्याशिवाय? कोरडा?" तिनं डोळे उघडले. "इतक्या माणसांना एक पाव? आणि तोही भिंतीला पुसल्यासारखा? लाज नाही वाटली तुला, लुबर्ट? भुकेलेल्या माणसाला कुणी असं देतं का?"

"अगं, ती माणसं नाहीत. रंग आहे. लाकूड आहे. माझं डोकं ठिकाणावर नाही असं म्हण, ते मी ऐकून घेईन."

"वाडगा धरला होता ना पुढे?"

"धरला होता."

"मग झालं." ती उठून बसली. पाय जमिनीवर ठेवले. "वाटाण्याची डाळ आहे का घरात? आणि खाटकाकडे जा, डुकराचा पाय घेऊन ये, आणि सॉसेज. कांदे बघ. उभा काय राहिलास?"

मी गेलो. परत आलो तोवर तिनं भिंत धरत, खुर्ची ढकलत, स्वयंपाकघर गाठलं होतं. शेगडी पेटवली होती. मी सेलरीचा कंद सोलायला घेतला, तर तिनं माझ्या हातातून सुरी काढून घेतली. "साल काढतोयस की कुऱ्हाड चालवतोयस?" तिचे तुकडे सारखे पडत होते. तास-दोन तास तिनं बसून ते सूप ढवळलं, चमचा उभा राहीपर्यंत. चाखलं नाही. मी बघत होतो. एकदाही नाही.

सगळ्यात मोठं पातेलं. एक कान तिनं धरला, एक मी. धुक्यातून दालनापर्यंत आम्ही किती वेळा थांबलो, देव जाणे. वाटेत हार्मेन दुकानाच्या दारात उभा होता. "काय हे? रुल्फीन, तू बाहेर? कुठं चाललात?"

"जेवायला वाढायला," ती म्हणाली. "तुझ्याकडे वाडगे असतील तर घेऊन ये."

त्यानं खरंच आणले. दारात ठेवले, आत डोकावला, तो आवाज ऐकला आणि मला म्हणाला, "मी बाहेर थांबतो. कुणीतरी बाहेर थांबायला हवं." मी मान हलवली आणि वाडगे आत नेले. एरवी त्याला सोडलं नसतं.

७

दालनात शेगडी विझत आली होती. रुल्फीन चित्राकडे सरळ चालत गेली, त्याच्याखाली जमिनीवर वाडगे मांडले, मंडळाचे कथलाचे आणि हार्मेनचे पत्र्याचे. प्रत्येकात डावभर सूप वाढलं. दोन वाडगे आमच्यासाठी. मग चित्राकडे पाठ करून बाकावर बसली आणि मला शेजारी बसवलं. "जेवताना कुणाच्या तोंडाकडे बघू नये."

खरवडणं थांबलं होतं. खोलीत माणसं दाटली की हवा जड होते ना, ओल्या लोकरीचा वास येतो, तसं झालं होतं. मी मान ताठ ठेवली. मागे वाफ येत होती. कुणी वाडग्याला हात लावत नव्हतं.

"हात जोड," रुल्फीन म्हणाली.

जेवणाआधी आम्ही डोळे मिटून मनात प्रार्थना करतो. मी डोळे मिटले. आणि मिटल्या डोळ्यांमागे ऐकलं. लाकडी बुटांचा आवाज. दगडी फरशीवर, हळूहळू, खूप बूट. माझ्या पाठीशी येऊन थांबले. कुणीतरी खोकलं, लहान मुलाचा खोकला, आणि त्याला दुसऱ्या कुणी गप्प केलं. मला प्रार्थनेचे शब्द आठवेनात. मी दुधाच्या मार्गावरच्या शेतांची नावं मनात घेत राहिलो.

"आमेन," रुल्फीन म्हणाली.

कुणी हललं नाही. मी चमचा उचलला आणि मला कळलं ते कशाची वाट बघतायत. आमच्या गावात, पाच माणसं असोत की पन्नास, वाढणाऱ्या बाईनं पहिला घास घेतल्याशिवाय कुणी चमचा तोंडाला लावत नाही. पोटात आग पडली असली तरी नाही. उंदीर खाताना पाळलं असेल, चामडं पिताना पाळलं असेल. ती सगळी, इतक्या दिवसांची उपाशी, माझ्या पाठीशी श्वास धरून उभी होती, आणि रुल्फीन हातातल्या चमच्याकडे बघत होती.

मला ओरडायचं होतं, खा गं बाई. पण यापूर्वी ओरडून पाहिलं होतं.

"रुल्फीन," मी एवढंच म्हणालो, "पाहुणे खोळंबलेत."

"दिसतंय मला," ती म्हणाली. जरा चिडूनच. तिनं चमचा बुडवला, फुंकर घातली, तोंडात घेतला. घसा हलला. मी तो घसा बघत होतो. घास खाली गेला आणि खालीच राहिला.

आणि मागे एकदम चमचे वाजू लागले.

खरवडणं नव्हे. भरल्या वाडग्यात चमचा बुडतो तो आवाज. फुंकर, सुरका, कुणाचं तरी गरम लागून हाय करणं. सबंध गाव जेवत होतं. माझ्या मानेवरचे केस उभे होते, आणि मी सांगतो, त्या भीतीच्या खाली मला दुसरंही काही वाटत होतं, ज्याला माझ्याकडे नाव नाही. लग्नाच्या पंगतीत बसल्यावर वाटतं, त्याच्या जवळचं.

मागे वळून बघायची हिंमत झाली नाही. सीत्स्केनं नंतर येऊन चित्र तपासलं, फोटो काढले, आणि भिंग खिशात टाकून मला म्हणाली, "आजोबा, पुढच्या वर्षीपासून पाव लावा, पण चौकटीला चिकटू देऊ नका." तिला काय दिसलं ते तिला विचारा. मी त्या वेळी चित्राकडे बघत नव्हतोच.

मी रुल्फीनकडे बघत होतो. दुसरा चमचा. तिसरा. मध्येच थांबली, गालावरून पाणी ओघळलं, तिनं बाहीनं पुसलं आणि परत चमचा बुडवला. सॉसेजचा तुकडा चावला. वाडग्याचा तळ दिसायला लागला. चमच्यानं येईना तसं तिनं बोटानं पुसून घेतलं, पोरींसारखं.

मग रिकामा वाडगा माझ्यापुढे धरला.

"बघत काय बसलायस? वाढ ना."